कोंडीरामची पहार आणि विहिरीतला खांब

गहिनीनाथला कुणीतरी समजावून सांगा, की शंभरीला टेकलेल्या बाईला गव्हाणीमागे पोत्यात गुंडाळून ठेवत नसतात. पाहुणे येणार म्हणून घरातली म्हातारी आतल्या खोलीत लपवणारी माणसं मी पाहिली आहेत. पण ती म्हातारी निदान खोकून तरी कळवते, की मी अजून आहे. मला खोकताही येत नाही.

मित्रांनो, मी एक पहार आहे. साडेतीन हात लांब, पोराच्या मनगटाएवढी जाड. एका अंगाला टोक, दुसऱ्या अंगाला चपटी धार. पाठीला थोडा बाक आहे, तो वयाचा नाही, कामाचा आहे. माझ्या अंगावर गंज दिसेल, पण तो माझा दोष नाही, ज्यांनी तेल लावायचं त्यांचा आहे. मला खोटी नम्रता जमत नाही, आधीच सांगून ठेवते.

तर गहिनीनाथबद्दलची माझी तक्रार अशी. हा पोरगा सव्वीस वर्षांचा, मॅट्रिक झालेला, आमच्या गावच्या दुष्काळी कामावर हजेरी कारकून. यंदा एकोणीसशे बहात्तर साल. गावोगाव पाझर तलाव नि नालाबांध चालू आहेत, आणि लोकांनी दिवसभर खणलेले खड्डे हा फीत लावून मोजतो. काम वाईट नाही. पण त्या कामावर विजार घालून उभं राहिल्यापासून त्याची मान जरा ताठ झाली. त्यातच शाळेच्या राधाकृष्ण गुरुजींनी गावात दवंडी दिली, की स्वातंत्र्याला पंचवीस वर्षं होतात, म्हणून पंधरा ऑगस्टला प्रत्येक घराने एक जुनी वस्तू शाळेत आणावी आणि ती वापरणाऱ्या वाडवडलाची हकिगत सांगावी. राजांचा इतिहास पुस्तकात आहे, गुरुजी म्हणाले, आपला आपणच सांगायला हवा.

चांगली गोष्ट. गहिनीनाथ मग काय करतो? घोडेगावच्या गुरांच्या बाजारात जातो आणि तिथल्या भंगारवाल्याकडून एक गंजलेली तलवार उचलून आणतो. बदल्यात काय द्यायचं ठरलं, ठाऊक आहे? मी. कार्यक्रम उरकला, की पुढच्या बाजाराला मला पोहोचती करायची, असा शब्द देऊन आला. आणि तोवर घरच्यांच्या नजरेला पडू नये म्हणून मी गव्हाणीमागे.

ज्याच्या हातात मी सत्तर वर्षं होते, तो कोंडीराम म्हणजे गहिनीनाथचा पणजोबा. त्याचा फोटो नाही, त्याच्या नावाचा दगड नाही. तो कसा जगला हे सांगणारी गावात दोनच जणं उरली आहेत. एक त्याची सून झुंबरबाई, गहिनीनाथची आजी. दुसरी मी. मी भंगारात गेले असते आणि तलवार भिंतीवर चढली असती, तर कोंडीराम कायमचा कुणी दुसराच होऊन बसला असता. म्हणून माझी गोष्ट मुळापासून ऐका.

अठराशे सत्त्याहत्तर साली माझा जन्म झाला. त्या वर्षी म्हणे दिल्लीत मोठा दरबार भरला आणि विलायतेची राणी हिंदुस्थानची सम्राज्ञी झाली. आमच्या नगर जिल्ह्यात मात्र ज्वारीचं ताट उगवलं नव्हतं. सरकारने दुष्काळी काम म्हणून दौंड ते मनमाड रेल्वेचा भराव टाकायला घेतला. गाडीतून उतरवताना एक रूळ वाकला, तो तोडून कामावरच्या लोहाराने त्याचे तुकडे केले. त्यातला एक तुकडा भट्टीत घातला, बडवला, पाण्यात बुडवला. ती मी. म्हणजे बघा, माझी बहीण रूळ होऊन आजही वांबोरीकडे आगगाडीखाली निजली असेल, आणि मी उभ्याने काम करत आले.

मुकादमाने मला एका पोराच्या हातात दिलं. पंधरा वर्षांचा, बरगड्या मोजून घ्याव्यात असा. तो कोंडीराम. पहिल्या दिवशी त्याला मी उचलेना. दुसऱ्या दिवशी त्याने मला खांद्यावर घ्यायची युक्ती शोधली. आठवड्याने आमचं जमलं.

त्या कामावरची एक रीत सांगते, ती नीट ध्यानात ठेवा, पुढे तिचं काम आहे. खड्डा खणायचा तो सगळा खणायचा नाही. मधोमध मातीचा एक खांब तसाच उभा सोडायचा. संध्याकाळी मुकादम येणार, त्या खांबाला काठी लावणार, आणि जमीन मूळची कुठपर्यंत होती, खाली किती गेली, हे त्यावरून ठरवणार. खांब नसेल तर काम झालंच नाही असं धरायचं. कोंडीरामने तो खांब कधी ढासळू दिला नाही. शेजारचे काही हुशार लोक खांबावर वरून दोन ओंजळी माती थापून तो उंच करायचे. कोंडीरामने एकदाही थापली नाही. धाक होता की चांगुलपणा, मला सांगता येणार नाही. पण थापली नाही, एवढं मी पाहिलं.

पुढल्या साली पाऊस झाला तशी माणसं कामं टाकून पेरायला पळाली. कोंडीरामही पळाला. घरी येऊन बघतो तर मी खांद्यावरच. सरकारी माल. पोराचं तोंड उतरलं. पेरणी झाल्यावर हा बाबा सात कोस चालत मला परत द्यायला गेला. तिथे काय, नुसते रूळ. ना मुकादम, ना लोहार, ना तंबू. रुळाशेजारी बसून त्याने भाकरी खाल्ली, घटकाभर वाट पाहिली आणि मला घेऊन सात कोस परत आला. पुढे आयुष्यभर कुणी विचारलं, ही पहार तुझी का, तर म्हणायचा, "न्हाई, रेल्वेची हाय. मागायला आले की देनार."

कुणी आलं नाही. मी त्याची झाले.

त्यानंतर काळ आला आणि गेला, मित्रांनो, आणि प्रत्येक काळाने आमच्याकडून एकेक खड्डा खणून घेतला. सत्त्याण्णव साली राणीच्या राज्याला साठ वर्षं झाली म्हणून शहरात दिवे लागले म्हणे. त्याच सुमाराला प्लेग फिरू लागला आणि आमचं गाव घरं सोडून माळावर झोपड्यांत राहायला गेलं. प्रत्येक झोपडीला चार मेढी. मेढ रोवायला खड्डा हवा, आणि पहार गावात एकच होती. कोंडीरामने सगळ्या गावाच्या मेढी रोवल्या, स्वतःच्या सर्वांत शेवटी. विलायतेच्या पहिल्या लढाईत आसपासच्या गावांची पोरं बोटीत बसून गेली. कोंडीराम गेला नाही, त्याचं वय उलटलं होतं. लढाई संपता संपता मानमोडीच्या तापाची साथ आली. तेव्हा आम्ही काय खणलं ते मी सांगणार नाही. तुम्ही लहान आहात.

झुंबरबाई या घरात आली ती त्या लढाईच्याही आधी, बारा वर्षांची. शाळेत दोन यत्ता गेलेली, पण जिभेला धार माझ्याहून जास्त. सासऱ्याला ती मामंजी म्हणायची. तिला सासऱ्यासमोर बोलायची बंदी होती, तरी ती बोलायची, आणि कोंडीरामला ते आवडायचं.

एकोणीसशे वीस साली पुन्हा पावसाने पाठ फिरवली, तेव्हा कोंडीरामने आपल्या मळ्यात विहीर खणायला घेतली. तो अठ्ठावन्न वर्षांचा. मी पुढे, तो मागे, त्याचा मुलगा घणावर, आणि झुंबरबाई पाट्या उपसायला. तिचं तान्हं पोर, म्हणजे गहिनीनाथचा बाप, बाभळीला बांधलेल्या झोळीत. दोन उन्हाळे आम्ही खाली जात होतो. वर माती, मग मुरूम, मग मऊ खडक. पाच पुरुष उंचीएवढं खोल गेल्यावर एका कोपऱ्यात ओल दिसली. तिथून पुढे जपून, माझ्या टोकाने थोडं थोडं.

आणि तळाला मधोमध कोंडीरामने खडकाचा खांब उभा सोडला. कमरेएवढा, ओल दिसली तिथून तळापर्यंतचा.

झुंबरबाई पाटी टेकवून बघत राहिली. मग तिने विचारलं, "मामंजी, हितं कोन मोजायला येनार हाय? ना मुकादम, ना सरकार. विहीर आपली."

कोंडीराम म्हणाला, "येईल कुनीतरी."

"कोन?"

"मला काय ठावं. पन खननाऱ्यानं माप ठेवावं. मागनं आलेल्याला कळाया नको का, कुठनं सुरू केलं अन् कुठवर आलो ते?"

"अन् कुनी न्हाईच आलं तर?"

"तर पोरं त्याच्यावर उभी ऱ्हातील. तू पाटी उचल."

झुंबरबाईने पाटी उचलली. पाणी लागलं, खांब बुडाला, आणि गोष्ट पाण्याखाली गेली.

पण पोरं खरंच त्याच्यावर उभी राहिली बरं का. पोहायला शिकताना दम लागला, की विहिरीच्या मधोमध पायाला तो खांब लागायचा. उन्हाळ्यात पाणी उतरलं, की त्यावर उभं राहून पोराची मान पाण्याबाहेर यायची. आमच्या गावातल्या तीन पिढ्या त्या खांबावर श्वास घेऊन पोहायला शिकल्या. गहिनीनाथही. सात वर्षांचा असताना एकदा तो मधेच दमला, गटांगळ्या खाल्ल्या, आणि पाय खांबाला लागला म्हणून वाचला. त्याला वाटलं, देवाने ठेवलेला दगड आहे. नारळ फोडला त्याने तिथे.

सत्तेचाळीस साली शाळेपुढे झेंडा उभारायचा ठरला, तेव्हा खड्डा कोणी खणायचा यावर चर्चा झाली नाही. पंच्याऐंशी वर्षांच्या कोंडीरामला दोघांनी धरून आणलं. त्याने मला दोन्ही हातांनी उचललं आणि पहिला घाव घातला. बाकी खड्डा मुलाने खणला. राणीचं राज्य त्याने पाहिलं, तिच्या लेकाचं, नातवाचं, सगळ्यांची राज्यं पाहिली, म्हणजे खरं तर यांतलं कुणीच पाहिलं नाही, फक्त त्यांच्या काळात जमीन खणली. त्या दिवशी झेंडा वर गेला तेव्हा तो म्हणाला, "खड्डा बराबर सरळ आलाय." त्याच थंडीत तो गेला.

मग माझे दिवस फिरले. विहिरीवर इंजिन आलं. विहिरी खणायला सुरुंगवाले येऊ लागले. गहिनीनाथचा बाप साखर कारखान्यात नोकरीला लागला, त्याला पहारीची गरज नव्हती. मी दाराला टेकून, मग भिंतीला, मग गोठ्यात. शेवटी शेवटी माझा उपयोग एकच उरला, वासरू बांधायला. मी कुरकुर केली नाही. वासराला मी आवडायचे.

आता परत येऊ या तक्रारीकडे.

तलवार घरी आली त्या दिवशी झुंबरबाईने ती उलटीसुलटी करून पाहिली आणि नातवाला विचारलं, "ही कुनाची रं?"

"पनजोबांची," गहिनीनाथ म्हणाला. "खर्ड्याच्या लढाईतली."

"मामंजींची? अडतीस वरसं मी त्यांच्या घरात राबले. मला कशी दिसली न्हाई?"

"आजी, तुला काय ठावं. असल्या वस्तू मानसं माळ्यावर ठेवत्यात."

"माळा मीच झाडते," झुंबरबाई म्हणाली, आणि गप्प बसली. ती गप्प बसली की घरातली मांजरसुद्धा बाहेर जाते. दुसऱ्या दिवशी शेण काढायला आली तेव्हा तिची नजर माझ्या रिकाम्या जागेवर गेली, मग गव्हाणीमागच्या पोत्यावर. तिने पोतं सोडलं. माझ्यावर हात फिरवला, हाताला गंज लागला तो लुगड्याला पुसला. पोतं होतं तसं बांधून ठेवलं. मला तर वाटलं, हिनेही मला सोडलं.

पंधरा ऑगस्टला काम बंद होतं. सगळं गाव शाळेपुढे. मला त्यातलं काही दिसणार नव्हतं, पण झेंडा वर गेल्यावर झुंबरबाई घरी आली, पोतं फाडलं आणि पंचाहत्तर वर्षांच्या बाईने मला खांद्यावर घेतलं, अगदी कोंडीराम घ्यायचा तशी. वाटेत दोनदा थांबली. तिसऱ्यांदा थांबली नाही.

शाळेपुढे टेबल मांडलं होतं. समया होत्या, अडकित्ते होते, कुणाच्या आज्याचं लढाईतलं पदक होतं. मधोमध लाल कापडावर ती तलवार. गहिनीनाथ बोलत होता.

"आमचे पनजोबा कोंडीराम यांनी खर्ड्याच्या लढाईत ही तलवार गाजवली."

राधाकृष्ण गुरुजींनी चष्मा काढून पुसला. खर्ड्याची लढाई सतराशे पंच्याण्णव सालची. हे मला ठाऊक आहे, कारण दोन वर्षं मी याच शाळेच्या कुंपणाला टेकू दिला होता आणि वर्गातलं सगळं ऐकू यायचं. कोंडीराम जन्माला यायला तेव्हा सदुसष्ट वर्षं बाकी होती. मॅट्रिकला गहिनीनाथला गणितात किती गुण पडले, हे आमच्या घरात कुणी विचारत नाही.

तेवढ्यात झुंबरबाईने मला फरशीवर टेकवलं. मी वाजले. फार वर्षांनी वाजले, आणि चांगली वाजले. सगळ्यांनी मागे पाहिलं.

"गुरुजी," झुंबरबाई म्हणाली, "आमच्या घरची वस्तू ही हाय. हकिगत हितं न्हाई, विहिरीत हाय. पन्नास पावलं चालाया लागतील."

गहिनीनाथचं तोंड कोंडीरामचं उतरलं होतं तसं उतरलं, सरकारी पहार घरी आली त्या दिवशीसारखं. मला ते ओळखीचं वाटलं.

विहीर शाळेच्या मागच्या बांधाला लागून. यंदा ती आटली होती, कोपऱ्यात हंडाभर पाणी, तेही लोक रांगेने वाटून नेत. मधला खांब नुकताच तळापर्यंत उघडा पडला होता, पाणी नेणाऱ्यांना तो नुसता दगड वाटायचा. कडेला माणसं जमली. दुष्काळी कामावरची कलाबाई आणि तिच्या टोळीतल्या बाया पुढेच होत्या. गहिनीनाथ रोज त्यांचेच खड्डे मोजतो आणि अर्ध्या बोटावरून त्यांच्याशी वाद घालतो.

कलाबाईने वाकून पाहिलं. "अगं बया, ह्यो तर मापाचा खांब हाय," ती म्हणाली. "आमी रोज सोडतो तसाच. भाऊसाहेब, खिशात फीत असंल ना? लावा की."

बाया हसल्या. गहिनीनाथ हसला नाही. तो खांबाकडे बघत होता. सात वर्षांचा असताना ज्या दगडाने त्याचा जीव वाचवला, तो दगड त्याने आयुष्यात पहिल्यांदा वरून पाहिला, आणि रोज शंभर वेळा पाहतो त्या नजरेने पाहिला. कारकुनाच्या.

"हा कुनी सोडला, आजी?" त्याने हळू विचारलं.

"ही घे," झुंबरबाईने मला त्याच्या हातात दिलं. "अन् खाली उतर. तीच सांगंल."

तो मला खांद्यावर घेऊन पायऱ्या उतरला. पायऱ्या संपल्या तिथून खोबण्यांत पाय रोवत तळाला आला. खडकाच्या खांबावर चारी बाजूंनी उभे चरे होते, पाण्याने गुळगुळीत झालेले. त्याने माझं टोक एका चऱ्यात ठेवलं. बसलं. दुसऱ्यात ठेवलं. तेही बसलं, जुन्या वहाणेत पाय बसावा तसं. पन्नासेक वर्षांनी मी माझंच काम पाहत होते, आणि खरं सांगते मित्रांनो, ते काम चांगलं होतं.

वरून झुंबरबाई बोलू लागली. रेल्वेचा भराव, सात कोस जाऊन परत येणं, प्लेगातल्या मेढी, झोळीतलं पोर, पाटी उचल म्हणालेला सासरा. गुरुजी वहीत लिहीत होते आणि मधे मधे साल घालत होते. राणी, दरबार, लढाई, साथ, झेंडा. एका ओळीत पुस्तकातलं, दुसऱ्या ओळीत कोंडीरामचं. खाली विहिरीत ते सगळं घुमून आमच्यापर्यंत येत होतं. शेवटी तिने ते सांगितलं, इथे कोण मोजायला येणार असं तिने विचारलं होतं आणि तो काय म्हणाला होता ते.

गहिनीनाथने मला खांबाला टेकवलं. खिशातून फीत काढली. बाया काठावरून वाकल्या. तळापासून खांबाच्या माथ्यापर्यंत त्याने फीत लावली, दोनदा लावली, आणि डोळे पुसून पुन्हा एकदा लावली.

"किती भरलं?" झुंबरबाईने वरून विचारलं.

"तीन फूट दोन इंच, आजी. वर माती थापलेली न्हाई."

"ती त्यांनी कधीच थापली न्हाई."

मित्रांनो, माझी विनंती फार मोठी नाही. तुमच्या गोठ्यात, माळ्यावर, दाराआड माझ्यासारखी एखादी म्हातारी असेल. तिला बाहेर काढा, तेल लावा, आणि ती कुणाच्या हातात होती हे घरातल्या जुन्या माणसाला विचारा. ते माणूस आहे तोवर विचारा. मी आता पुन्हा दाराला टेकून उभी असते, आणि कलाबाईच्या टोळीला लागले की कामावरही जाते. वासराला दुसरी मेख मिळाली. तलवार पुढच्या बाजाराला भंगारवाल्याला परत गेली. पण ते नंतरचं. त्या दिवशी गहिनीनाथ मला खांद्यावर घेऊन वर आला, तेव्हा विहिरीच्या काठावर, सगळ्या गावासमोर, झुंबरबाईने त्याला जे सुनावलं ते ऐका, कारण माझंही म्हणणं तेच आहे.

"गैन्या, तू खोटारडा न्हाईस. आळशी हायस. आपला मानूस शोधायला विहिरीत उतरावं लागतं, अन् तू बाजारात गेलास. आता घरी चल. आधी पहारीला तेल लाव, मग जेवायला बस. अन् उद्यापासनं कलाबाईच्या खड्ड्याला फीत लावताना जरा वाकून लावत जा. तिचा पनतू कधीतरी बघाया येनार हाय."